बियाण्याचे मासे

आमच्या शेजारच्या वहिनी २०२४ च्या उन्हाळ्यात मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोस राहून आल्या. आल्यावर दुसऱ्याच दिवशी चहाला आल्या, तेथला लाल पूल, तेथली गार हवा, सुनेची नोकरी, सारे सांगून झाले आणि मग एकदम म्हणाल्या, "भाऊजी, एक कोडे उलगडले नाही. बंदरावर मच्छीमारांच्या होड्या ओळीने बांधून ठेवलेल्या. मुलगा म्हणाला, यंदा सॅमनची मासेमारी बंद आहे, आणि गेल्या वर्षीही बंदच होती. वादळ नाही, संप नाही, समोर एवढा अफाट समुद्र. मग त्याला कुलूप घातले कोणी, आणि कशासाठी?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर चहाच्या एका पेल्यात मावणारे नव्हते. म्हणून ते या महिन्याच्या सदरासाठी राखून ठेवले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मासा शिजत नाही, हे मी जाणून आहे. तरीही ही हकीकत त्यांनी अवश्य वाचावी. कारण ती जितकी माशांची आहे, तितकीच हिशेबाची आणि न्यायाची आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. इंग्रजीत या माशाच्या नावात 'ल' लिहितात, पण उच्चारीत नाहीत. म्हणून येथे 'सॅमन' असेच लिहिले आहे. आपल्याकडील रावसाला व्यापारी 'इंडियन सॅमन' म्हणतात. पण रावसाचे कुळ अगदी निराळे. खरा सॅमन थंड पाण्याचा रहिवासी. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पाच मुख्य जाती मिळतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम.

या माशाचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. नदीच्या उगमाकडील थंड, वाहत्या पाण्यात, वाळूगोट्यांत घातलेल्या अंड्यांतून तो जन्मतो. जातीप्रमाणे काही आठवडे, काही महिने किंवा एखाददुसरे वर्ष नदीत काढून तो समुद्रात उतरतो. तेथे शेकडो कोस भटकतो, वाढतो, पुष्ट होतो; आणि वेळ भरली की ज्या नदीत जन्मला त्याच नदीकडे, बहुधा त्याच ओढ्याकडे, परत येतो. पिंक बरोबर दोन वर्षांनी परततो, चिनूक साधारणपणे तीन ते पाच वर्षांनी. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो. अंगातील चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढत जातो, वीण करतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. या पाचही जातींत आयुष्यात वीण एकदाच.

या शेवटच्या वाक्यात मासेमारीच्या व्यवस्थापनाचे सारे मर्म आले. सॅमन वाटेत पकडला गेला, तर त्याची वीण कायमची बुडाली. शिवाय प्रत्येक नदीचे मासे म्हणजे एक स्वतंत्र घराणे. एका नदीचे घराणे बुडाले, तर शेजारच्या नदीचे मासे येऊन ती रिकामी जागा सहजासहजी भरून काढीत नाहीत. आपल्याकडे शेतकरी दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. सॅमनच्या बाबतीत समुद्रात किती पकडावे, हे ठरविण्याआधी नदीत किती जाऊ द्यावे, हे ठरवावे लागते. विणीसाठी सोडावयाच्या या माशांना आपण 'बियाण्याचे मासे' म्हणू.

हे शहाणपण तेथील लोकांना ठेच लागल्यावर आले. सॅमन डब्यांत भरण्याचा तेथील पहिला कारखाना १८६४ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीवर निघाला. सोन्याच्या खाणींच्या राड्याने त्या नदीचे पाणी आधीच बिघडले होते. दोनच वर्षांत कारखानदार उत्तरेस कोलंबिया नदीकडे सरकले आणि पुढे हा धंदा अलास्कापर्यंत पसरला. अलास्कात डबेबंद माशांच्या कंपन्यांनी नद्यांच्या वाटांवर मोठमोठे सापळे उभारले. मासा आपल्या पायांनी चालत यावा, तसा त्यांत येऊन पडे. मालक दूरच्या शहरांत, आणि स्थानिक मच्छीमार रिकाम्या हाताने किनाऱ्यावर. १९५३ साली अलास्कातील सॅमन इतका घटला, की आयझेनहॉवर यांच्या सरकारला तो प्रदेश आपद्ग्रस्त म्हणून जाहीर करावा लागला. १९५९ मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा सापळे बंद झाले. मासे, वने इत्यादींचा उपयोग त्यांचे उत्पन्न अखंड टिकेल अशाच रीतीने करावा, असे कलम राज्याच्या घटनेतच घातले गेले. पुढे १९७३ मध्ये परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा झाला. कारण प्रत्येक होडीला मुभा दिली, तर कितीही मासे पुरे पडणार नव्हते.

आता हे व्यवस्थापन प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. अलास्कातील ब्रिस्टल उपसागर हे सॉकाय सॅमनचे जगातील सर्वांत मोठे आगर. त्याला मिळणाऱ्या क्विचॅक, नॅकनेक, एगेगिक अशा नद्यांच्या काठी उंच मनोरे उभारलेले असतात. त्यांवर माणसे पाळीपाळीने उभी राहतात. दर तासाला दहा मिनिटे या काठचे आणि दहा मिनिटे त्या काठचे, खालून जाणारे मासे हातातील गणकयंत्रावर मोजतात. त्यावरून तासाचा आणि दिवसाचा अंदाज बांधतात. हंगामात ही गणती रात्रंदिवस चालते. बियाण्याचे मासे पुरेसे वर जात आहेत असे दिसले, की खात्याचा जीवशास्त्रज्ञ जाहीर करतो: अमुक भागात अमुक वेळेपासून इतके तास जाळी टाकावीत. मच्छीमार कान टवकारून ती घोषणा ऐकत असतात. गणती कमी पडली, तर समोर पाणी माशांनी खळबळत असले तरी जाळे बोटीतच राहते. होडीची लांबीसुद्धा ३२ फुटांपलीकडे असून चालत नाही. आणि १९५१ पर्यंत तर तेथे यंत्राच्या होड्यांना बंदी होती, शिडाच्याच होड्या चालत.

या शिस्तीचे फळ काय? २०२२ साली ब्रिस्टल उपसागरात सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. त्यांतील सुमारे ६ कोटी पकडले गेले; उरलेले नद्यांत पोहोचले. त्या किनाऱ्यावर शतकाहून अधिक काळ व्यापारी मासेमारी चालू असूनही हा विक्रम झाला. तेथील नद्या अद्याप धरणांवाचून वाहतात आणि मासेमारी नद्यांच्या मुखांजवळ चालते, ही दोन कारणे ध्यानात ठेवावीत. मुखाजवळ कोणत्या नदीचे मासे आपण धरीत आहोत, हे बव्हंशी ठाऊक असते.

वहिनींनी पाहिलेल्या होड्यांची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्निया आणि ऑरेगनचे मच्छीमार खुल्या समुद्रात जातात. संथ चालणाऱ्या होडीमागे गळांच्या अनेक दोऱ्या सोडून ते चिनूक एकेक करून ओढून घेतात; तेथल्या तेथे रक्त काढून बर्फात ठेवतात. मासा उत्तम मिळतो, भावही चांगला येतो. पण खुल्या समुद्रात सगळ्या नद्यांचे मासे एकत्र चरत असतात. गळाला लागलेल्या चिनूकच्या कपाळावर त्याच्या नदीचे नाव लिहिलेले नसते.

खरे म्हणजे काहींच्या नाकाडात ते लिहिलेले असते! मत्स्यबीज केंद्रांतून नदीत सोडावयाच्या लाखो पिलांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा तारेचा तुकडा टोचतात. त्यावर सूक्ष्म खुणा असतात. ओळख पटावी म्हणून पाठीवर शेपटीजवळचा लहानसा मांसल पर कापून टाकतात. समुद्रात असा पर कापलेला मासा मिळाला आणि धक्क्यावर नमुना घेणारा कर्मचारी भेटला, म्हणजे त्याचे डोके प्रयोगशाळेकडे जाते. तेथे तार काढून वाचतात: हा मासा कोणत्या केंद्रातला, कोणत्या साली सोडलेला. अशा हजारो डोक्यांच्या नोंदींवरून कोणत्या नदीचे मासे कोणत्या महिन्यात कोठे असतात, याचा नकाशा तयार होतो.

मग नियम करावयाचा तो कोणत्या नदीच्या हिशेबाने? उत्तर असे की सर्वांत दुबळ्या नदीच्या. एका खानावळीत दहा माणसे जेवत असली आणि त्यांतील एकाला मीठ वर्ज्य असले, तर सगळ्यांचीच आमटी अळणी करावी लागते, तसे हे आहे. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यान्वये किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रातील मासेमारीसाठी प्रादेशिक मंडळे नेमली गेली. पॅसिफिक किनाऱ्याचे मंडळ दरवर्षी मार्चमध्ये हंगामाचे पर्याय मांडते, मच्छीमारांचे, नदीकाठच्या मूळ जमातींचे आणि हौशी गळवाल्यांचे म्हणणे ऐकते आणि एप्रिलमध्ये निर्णयाची शिफारस करते. कोणत्या टापूत किती दिवस, किती इंच लांबीच्या आतला मासा परत सोडावयाचा, गळ कसा असावा, सारे त्यात असते.

दुबळ्या नदीचा नियम किती कठोर आहे, हे २००६ साली दिसले. कॅलिफोर्निया आणि ऑरेगनच्या सीमेवरील क्लॅमथ नदीत सप्टेंबर २००२ मध्ये पाणी आटले आणि तापले. दाटीवाटीने थांबलेल्या माशांत रोग पसरला आणि विणीस आलेले तीस हजारांहून अधिक सॅमन काठाला मरून पडले. पुढील वर्षांत ही नदी इतकी खालावली, की २००६ साली विस्तीर्ण किनाऱ्यावर व्यापारी मासेमारी जवळजवळ थांबवावी लागली. समुद्रात सॅक्रामेंटोचे मासे पुष्कळ होते. पण त्यांच्यात क्लॅमथचे थोडे मिसळलेले होते आणि गळाला निवड करता येत नाही. नंतर पाळी सॅक्रामेंटोचीच आली. २००२ साली या नदीत शरद ऋतूतील चिनूक साडेसात लाखांहून अधिक आले होते. २००९ साली चाळीस हजारांच्या आसपास उरले. किमान उद्दिष्ट १ लाख २२ हजारांचे होते. २००८ आणि २००९ साली कॅलिफोर्नियात सॅमनची समुद्री मासेमारी जवळजवळ पूर्णपणे बंद राहिली. त्या ऱ्हासाचे निकटचे कारण शास्त्रज्ञांना समुद्रात सापडले: २००५ आणि २००६ साली पिले समुद्रात उतरली, तेव्हा तेथे त्यांना खाद्यच पुरेसे नव्हते. परंतु नदीचे पात्र आक्रसलेले, आणि बहुतेक मासे एकाच साच्यातून काढल्यासारखे मत्स्यबीज केंद्रातले. अशा दुबळ्या घराण्याला एक वाईट ऋतूही सोसला नाही. पुढे २०२० ते २०२२ च्या दुष्काळात नदीचे पाणी पुन्हा आटले आणि तापले. त्या वर्षांतील पिले मोठी होऊन परतावयाची तेव्हा परतली नाहीत. त्यामुळे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे तेथील व्यापारी मासेमारी बंद ठेवण्यात आली. वहिनींनी पाहिलेले कुलूप ते हे.

येथे मच्छीमाराची तक्रार ऐकून घेणे न्यायाचे होईल. तो म्हणतो, "मी नियम पाळले, कमी पकडले, होडी बांधून ठेवली, पण पाणी मी आटवले नाही." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सॅक्रामेंटोवर १९४५ साली शास्ता धरण पुरे झाले आणि हिवाळी चिनूकची उगमाकडील थंड पाण्याची जागा कायमची तुटली. कोलंबियावर १९४२ साली पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणाला मासे चढण्याची पायवाट ठेवलेलीच नाही. त्यावरील शेकडो मैलांची नदी सॅमनला पारखी झाली. आयडाहो राज्यातील रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे साडेचौदाशे किलोमीटर दूर आणि साडेसहा हजार फूट उंचीवर आहे. वाटेत आठ धरणे आहेत. १९९२ साली या सरोवरात एक, अक्षरशः एकच, सॉकाय नर पोहोचला. मासेमारीचे नियम कितीही काटेकोर केले, तरी समुद्रातील जाळे नदीतील भिंत पाडू शकत नाही. हंगाम बंद करणे मंडळाच्या हाती असते. धरणाचे पाणी, कालव्यांचे वाटप आणि वीज ही दुसऱ्यांच्या हाती. म्हणून दुष्काळाची झळ प्रथम मच्छीमाराला लागते. सरकारी मदत मिळते, पण ती बहुधा उशिरा. आणि ज्या मुलाने तीन वर्षे होडी बांधलेली पाहिली, तो बापाचा धंदा पुढे चालवीलच असे नाही.

वाटणीचा प्रश्नही तितकाच अवघड. समुद्रातील होडी माशाला प्रथम गाठते. नदीकाठचा माणूस शेवटी. वॉशिंग्टनच्या प्रदेशातील मूळ जमातींनी १८५४-५५ च्या तहांनी आपली जमीन दिली, पण नेहमीच्या जागी इतर नागरिकांसमवेत मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तहातील ते कलम पुढे कागदावरच राहिले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक १९४५ साली, चौदाव्या वर्षी, नदीत जाळे टाकल्याबद्दल प्रथम पकडले गेले. नंतर पन्नासाहून अधिक वेळा. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की तहाप्रमाणे पकडण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा या जमातींचा आहे आणि व्यवस्थापनातही त्यांचा अधिकार आहे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः उचलून धरला. गोऱ्या मच्छीमारांत त्यावेळी मोठा क्षोभ झाला. काहींच्या घरादारावर खरोखरच गदा आली. परंतु आज याच जमाती नद्यांच्या दुरुस्तीत आघाडीवर आहेत.

मासा सरहद्द ओळखीत नाही, त्यामुळे दोन देशांतही तंटे झाले. कॅनडाच्या नदीत जन्मलेला सॅमन अलास्काच्या जाळ्यात सापडतो, आणि उलटही घडते. १९८५ साली दोन्ही देशांनी करार केला. तरी वाटणीचे भांडण मिटेना. जुलै १९९७ मध्ये कॅनडाच्या मच्छीमारांनी प्रिन्स रुपर्ट बंदरात अलास्काची प्रवासी बोट आपल्या होड्यांनी घेरून अडवून धरली. १९९९ साली नवा मार्ग काढला गेला: ठरीव आकड्याऐवजी त्या वर्षी मासे किती आहेत, त्या मानाने वाटा घ्यावा. त्याआधी १९९२ मध्ये अमेरिका, कॅनडा, जपान आणि रशिया यांनी उत्तर प्रशांत महासागराच्या सामाईक पाण्यात सॅमन पकडूच नये असा करार केला होता. तत्त्व असे, की ज्या देशाची नदी माशाला जन्म देते, त्याचा त्यावर पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी.

एवढे करूनही अंदाज चुकतात. कॅनडाच्या फ्रेझर नदीत २००९ साली एक कोटीहून अधिक सॉकाय अपेक्षित होते. आले सुमारे पंधरा लाख. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचे काम सुरू असतानाच २०१० साली अडीच कोटींहून अधिक मासे आले! २०१२ च्या अहवालात आयोगाने म्हटले, की कोण्या एका कारणाकडे बोट दाखविता येत नाही. म्हणून शहाणा व्यवस्थापक पूर्वअंदाजावर हंगाम उघडतो खरा, पण हंगाम चालू असता गणतीकडे डोळा ठेवतो आणि शंका आली, तर माशाच्या बाजूने कौल देतो.

या हकीकतीला आशेचीही बाजू आहे. क्लॅमथवरील चार धरणे २०२३-२४ मध्ये पाडण्यात आली. युरोक व इतर जमातींनी, मच्छीमारांच्या साथीने, त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला होता. भिंती निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चिनूक त्या जागा ओलांडून ऑरेगनमधील उपनदीपर्यंत पोहोचले. शतकाहून अधिक काळात तेथे एकही सॅमन गेला नव्हता. मध्यंतरीच्या कोणत्याही पिढीने ती वाट पाहिली नव्हती. तरी वाट मोकळी होताच मासे वर चढले.

वडोद्याच्या वाचकांना येथे भरूचच्या पाल्याची आठवण होईल. तोही समुद्रातून पावसाळी पाण्याबरोबर नर्मदेत विणीला चढणारा मासा. आणि नदीचे पाणी वर अडल्यावर खाली त्याचे दिवस फिरले, हे तेथील मच्छीमार सांगतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद असते आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाचे स्वागत करतात. विणीच्या काळात हात आवरावा, हे आपल्याही किनाऱ्याला ठाऊक आहे. परंतु नदीतून ये-जा करणाऱ्या माशाला समुद्रातील बंदी पुरत नाही. त्याला नदीत पाणीही लागते.

तेव्हा वहिनींना उत्तर असे, की कुलूप घातले ते मच्छीमारांच्याच डोळ्यांदेखत, त्यांचे ऐकून घेऊन, बियाणे राखण्यासाठी. त्यातील काही कुलपांच्या किल्ल्या समुद्रावर नाहीत, पार डोंगरातल्या धरणांवर आहेत. वहिनींनी हे सारे ऐकले, पेला खाली ठेवला आणि विचारले, "मग त्या होडीवाल्यांनी तीन वर्षे खाल्ले काय?"

कोणी खेकडे धरले, कोणी सुतारकाम पत्करले, कोणी होडी विकली. मंडळाच्या अहवालात या प्रश्नाला एक रकाना असतो. पण त्या रकान्यात वहिनींचा प्रश्न पुरता मावत नाही.